पांढरं फडकं

ह्या गोष्टीवर कुणाचाही विश्वास बसणार नाही, अशी महालिंगची पैज होती. आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण पैज हरावी असं त्याला मनापासून वाटत होतं. एरवी कुणाचा विश्वास बसला काय आणि उडाला काय, त्याला सुखदुःख नव्हतं. आजऱ्याकडं एका मळ्यात डिझेल संपल्यावरही इंजिन सकाळपर्यंत नुसतं सवयीनं चालत राहिलं, हे त्यानं निम्म्या उद्यमनगरला सांगितलं होतं. गडहिंग्लजच्या बाजाराच्या दिवशी सायलेन्सरमधनं सुटलेलं धुराचं कडं तरंगत जाऊन एका बैलाच्या शिंगात अडकलं, आणि बैल ते तसंच मिरवत वेशीपर्यंत गेला, हे उरलेल्या निम्म्यांना. लोक हसायचे, चहा सांगायचे. म्हालिंगाण्णाची गोष्ट दुकानात ऐकायची आणि दुकानातच ठेवून घरी जायचं, असा रिवाजच पडून गेला होता, आणि त्या रिवाजावर महालिंगचं म्हातारपण फार सुखात चाललं होतं. आज मात्र शाहूपुरीत, अण्णाप्पाच्या पंप-पाइपांच्या दुकानामागच्या गोडाऊनात उलट्या क्रेटवर बसून तो जे सांगायला आला होता ते पहिल्यापासून शेवटपर्यंत खरं होतं. थापेचं बरं असतं, ती कुठं फुगवायची आणि कुठं आखडायची हे समोरच्याच्या डोळ्यांत बघून ठरवता येतं. खरं हे तयार ओतीव कामासारखं, जसं साच्यातनं निघालं तसं. त्याला हात कुठून घालायचा हेच त्याला उमगत नव्हतं.

"गोष्ट मागनं सांग," अण्णाप्पा म्हणाला. तो जिन्याच्या तळाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, धोतराचा सोगा मांडीवर, चष्मा कपाळावर. "आधी काय पायजे ते बोल. नातीला घेऊन आलाईस म्हंजे कायतरी पायजे."

"हेड पायजे."

"कुणाचं?"

"तुज्या इंजिनाचं."

अण्णाप्पानं मान वळवून इंजिनाकडं बघितलं. गोडाऊनच्या कोपऱ्यात, पाइपांच्या भेंडोळ्यांमागं, दगडी चौथऱ्यावर ते उभं होतं. एका सिलिंडरचं, हिरवं, दोन्ही बाजूंना फ्लायव्हीलची जड चाकं, आणि डोक्यावर, म्हणजे सिलिंडर झाकणाऱ्या हेडवर, वाळलेल्या झेंडूची माळ. गडहिंग्लजकडच्या मळ्यात विजेची मोटार बसली, धाकट्या भावाकडं शेती गेली, आणि अण्णाप्पा मुलाच्या मागोमाग कोल्हापुरात राहायला आला, तेव्हा त्यानं घरातलं दुसरं काही आणलं नव्हतं. हे टेम्पोत घालून आणलं. खंडेनवमीला तो त्याला हळदकुंकू लावायचा, हँडल मारायचा, आणि इंजिन सुरू झालं की मुलाला, अभिनंदनला, वरून खाली बोलावून ऐकवायचा. शाहूपुरीतले शेजारी त्या दिवशी खिडक्या लावून घेत.

"माणसाचं डोस्कं मागितल्यागत मागतोयस की," अण्णाप्पा म्हणाला.

नात, शांभवी, खतांच्या रिकाम्या पोत्यांवर बसली होती. येताना स्कूटरवर महालिंगनं तिला बजावून ठेवलं होतं, तू बोलायचं न्हाईस. तू खरं बोलतीस, आणि ते पण इंग्रजीत, माणूस दचकतो. तिनं आरशातनं त्याच्याकडं बघून मान हलवली होती. ती इंजिनिअरिंग कॉलेजात पीएच.डी. करत होती, आणि इंजिनातला जाळ थंड करायचा हा तिचा विषय ऐकून तिच्या आजीनं, शांतादेवीनं, पहिल्यांदा विचारलं होतं की थंडच करायचं तर मग पेटवायचं कशाला. महालिंगला तो प्रश्न फार आवडला होता. त्याला स्वतःलाही तोच पडला होता, फक्त आजवर इंजिनात हात घातलेल्या माणसानं तो विचारायचा कसा म्हणून तो गप्प होता.

"तुज्या नातीचं इंजिन हाय न्हवं कॉलेजात?" अण्णाप्पानं विचारलं. "त्येचं काय झालं?"

"हेडला भोक पाडत हुते. आत डोळा बसवायचा हुता. भोक पाण्याच्या वाटंत गेलं. हेड बाद."

"डोळा," अण्णाप्पा म्हणाला आणि त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला. "झाली सुरू गोष्ट."

महालिंगला त्या क्षणी उठून जावंसं वाटलं. वाटलं आणि गेलं, कारण गोडाऊनात रबराचा, ग्रीसचा आणि त्या जुन्या इंजिनाच्या अंगाचा डिझेलचा वास होता, आणि त्या वासात महालिंगला कधीच फार वेळ वाईट वाटत नसे. हे हिरवं इंजिन त्याच्याच हातून बाहेर पडलं होतं. उद्यमनगरात तेव्हा जो कारखाना होता (आता तिथं लग्नाचा हॉल आहे, जेवणाच्या पंगती बसतात तिथं टेस्टिंग शेड होती) तिथं महालिंग टेस्टर होता. जोडून आलेलं प्रत्येक इंजिन त्याच्यासमोर पहिल्यांदा श्वास घ्यायचं. नारळ फुटायचा, हँडल फिरायचं, आणि मग महालिंग हातात पांढरं फडकं घेऊन सायलेन्सरच्या तोंडाशी उभा राहायचा. फडक्यावर काय उमटतं त्यावरून इंजिनाचं सगळं घराणं सांगायचं. निळसर तेलकट डाग म्हणजे रिंगा बसल्या नाहीत. काळाकुट्ट म्हणजे नोझल मुततंय. आणि अगदी काहीच नाही म्हणजे इंजिन कामचोर, डिझेल कमी घेतंय, मळ्यावर गेल्यावर पाणी चढवणार नाही. मग तो पंपाचा रॅक, म्हणजे किती डिझेल आत जायचं ते ठरवणारी ती दांडी, जरा ओढायचा, अजून जरा, फडक्यावर पहाटेच्या धुक्यासारखी करडी झाक आली की थांबायचा. तिथं खूण करायची आणि सील मारायचं. ती करडी झाक म्हणजे त्याची सही होती. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत नदीकाठानं ज्या ज्या इंजिनांनी उसाला पाणी पाजलं त्यांच्या धुरात महालिंगची सही होती, आणि संध्याकाळी एसटीतनं जाताना उसाच्या शेंड्यांवर तो धूर तरंगताना दिसला की, शेजारी कुणीही बसलेलं असो, तो त्याला म्हणायचा, "बगा पावणं, आपला हाय त्यो." त्या धुराचं काळं त्याच्या हातांच्या रेघांत इतकं मुरलं होतं की लग्नात हळद लावताना बायका खदाखदा हसल्या होत्या, सगळं अंग पिवळं झालं आणि तळवे तसेच राहिले. शांतादेवी तेव्हा अंतरपाटापलीकडून फक्त ते हातच बघत होती, असं तिनं पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं. घाबरलीस काय, ह्यानं विचारलं. न्हाय, ती म्हणाली, हा माणूस हरवला तर भांड्यावर हाताचा ठसा बघून हुडकता येईल, असं वाटलं.

"डोळा कशाला?" अण्णाप्पा विचारत होता. "आत काय नाटक चाललंय?"

महालिंगनं शांभवीकडं बघितलं. ती पोत्याचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती.

"बग, अण्णाप्पा," तो म्हणाला. "आपलं इंजिन कसं जळतं? आत हवा दाबली जाती, तापून लाल हुती, मग नोझलनं डिझेल मारायचं. जिथं पडलं तिथं भडका. तिथं जाळ लई, बाजूला कायच न्हाय. भडक्याच्या पोटात काजळी, आणि भडका एवढा गरम की हवाच जळून इषारी हुती. हिनं काय केलंय, ह्यो भडकाच काढून टाकलाय."

"मग चालतंय कशावर?"

"चालतंय की. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ कसा शिजवत्यात? बदाबदा जाळ घालून? तळाला करपंल आणि वर कच्चा. झाकण ठेवायचं, मंद. समदा भात एकदम शिजतो, एक शीत न्हाय करपत. तसं. आधीच समदीकडं सारखं मिसळून ठेवायचं, आणि एकदम, समदीकडं, थोडं थोडं जाळायचं. थंड जाळ."

"थंड जाळ," अण्णाप्पा म्हणाला. त्याचा चेहरा गोष्ट ऐकायच्या तयारीचा झाला होता, ओठांच्या कडा आधीच वर. हाच तो चेहरा, जो बघायला महालिंग एरवी कोसभर चालत गेला असता. आज त्याला तो नको होता. "आणि काय मिसळतीस ग पोरी?"

शांभवीनं आजोबाकडं बघितलं. महालिंगनंच सांगितलं. "स्पिरिट."

"म्हंजे दारू."

"दारू न्हवं. इथेनॉल. कारखान्यात मळीपास्नं करत्यात ते. हवेच्या वाटंतच एक बारीक नोझल बसवलंय, हवेबरोबर स्पिरिट आत जातंय. डिझेल नुसतं काडी लावल्यागत, चिमूटभर."

अण्णाप्पा हसला नाही. त्यानं हात जोडल्यासारखे केले आणि परत सोडले. "आमच्या घरात कांदा शिजत न्हाय चार महिनं," तो म्हणाला. "आणि तू माज्या इंजिनाचं हेड दारुड्या इंजिनावर बसवणार."

"तुज्याच उसाची हाय ती. तुजा भाऊ घालतोय न्हवं ऊस कारखान्याला?"

"ऊस भाऊ घालतोय. पाप मी कशाला घेऊ?"

मधल्या दारातनं अण्णाप्पाची सून त्रिशला चहाचे कप घेऊन आली. दुकानातलं गिऱ्हाईक आटपून ती तशीच, पेन कानावर ठेवून आत आली होती. "मामा, इंजिन दारू पिऊन धिंगाणा तरी घालणार नाही," ती म्हणाली. "काका, तुम्ही घ्या चहा. शांभवी, बिस्किट?" आणि मग न जाता तिथंच दाराला टेकून उभी राहिली.

"अजून हाय," महालिंग म्हणाला. सांगू नये असं त्याच्या मनात आलं होतं, पण आज सगळं सांगायचं हे त्यानं ठरवलं होतं. "सायलेन्सरमधनं एक पाइप परत आत घेतलाय. निघालेल्या धुरातला थोडा थंड करून परत इंजिनालाच खायला घालत्यात. त्येनं जाळ आणखी मंद हुतो."

"म्हंजे आपलंच उष्टं खातंय."

"व्हय."

"दारू पितंय, उष्टं खातंय, आणि थंड जळतंय," अण्णाप्पा म्हणाला. "म्हालिंगा, त्या बैलाच्या शिंगातलं कडं बरं हुतं रं. ते निदान सोवळ्यात हुतं."

त्रिशला हसली, शांभवीही हसली, आणि महालिंगलाही हसू फुटलं. चहा कपाच्या कडेवरून बशीत सांडला. हसता हसता तो मनात हिशेब करत होता. अण्णाप्पाला हे पटलं नाही तर हेड नाही. हेड नाही तर कॉलेजातलं इंजिन लॅबमधनं निघणार. त्या जातीचं हेड आता कुठं मिळत नाही. फौंड्रीवाले नवं ओतून देतील, पण लाकडी साचा कधीच कुणाच्या तरी बंबात गेला, तो नव्यानं करायचा, ओतायचं, मशिनिंग करायचं, मग सगळं पहिल्यापासून. आणि शांभवीच्या सरांनी सांगून टाकलं होतं की ह्या दिवाळीपर्यंत त्या डोळ्यानं मोजलेला आतल्या दाबाचा आलेख कागदावर आला नाही तर विषय बदल, संगणकावरचं काही तरी घे. शांभवीनं घरी हे सांगितलं तेव्हा ती भाकरी मोडत होती. रडली नाही. फक्त म्हणाली, "आज्जा, मी म्हणते आत थंड जळतं. फडकं म्हणतं. पण आत डोळा नसला की माझं सगळं म्हणणं नुसतं म्हणणंच." महालिंगनं तेव्हा घास तसाच हातात धरून ठेवला होता. आपली सगळी हयात नुसत्या म्हणण्यावर गेली आणि कशी झकास गेली, हे तिला सांगावं असं त्याला वाटलं. पण तिच्या चेहऱ्याकडं बघून ती एक गोष्ट त्यानं गिळली. आणि मग त्याला अण्णाप्पाचं हिरवं इंजिन आठवलं. कॉलेजातलं इंजिन, कुणीतरी कधीकाळी पोरांना शिकवायला म्हणून दिलेलं, आणि अण्णाप्पाचं हे, दोन्ही त्याच शेडमधनं, पाठची भावंडं. हेड एकमेकांना चपखल बसणार.

"ह्येचं ऐकून मी काय काय केलंय," अण्णाप्पा त्रिशलाला उद्देशून सांगत होता, "तुला म्हाईत न्हाय पोरी. ह्येनं मला सांगितलं, टाकीत गुळाचा खडा टाक, इंजिन गोड चालतंय. मी टाकला. माजं बापूस काठी घेऊन मागं लागलं हुतं."

"तू टाकशील असं मला काय म्हाईत," महालिंग म्हणाला. "सांगायला बरं वाटलं म्हणून सांगितलं."

"ते खरं की खोटं, कसं कळायचं माणसाला? तू दोन्ही एकाच तोंडानं बोलतोस."

महालिंगनं बशीतला चहा प्याला. गोडाऊनच्या वरच्या झरोक्यातनं उन्हाची एक पट्टी आली होती आणि ती इंजिनाच्या फ्लायव्हीलवरून हळूहळू सरकत होती, आणि रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवून वाजवून एका टेम्पोला मागं घेत होतं. ह्या क्षणी, अण्णाप्पा नाही म्हणायच्या आधी, सगळं किती छान आहे, असं त्याच्या मनात आलं. चहा आहे, जुना माणूस आहे, नात आहे, इंजिन आहे. तो हे मनातल्या मनात चघळत राहिला असता. पण अण्णाप्पानं विचारलं, "आणि धूर? धूर कसा हाय त्येचा?" आणि महालिंगला तो दिवस परत सगळा दिसला.

त्या दिवशी तो कॉलेजात पहिल्यांदा गेला होता. लॅबमध्ये पंखे, वायरी, टेबलावर दोन संगणक, आणि मध्ये आपल्या शेडमधलं ते इंजिन, पांढऱ्या फरशीवर, ओळखीच्या माणसाला दवाखान्यात बघावं तसं. अंगाला नळ्या. पिस्टन शांभवीनं बदलून आणला होता. त्याच्या डोक्यावरची वाटी उथळ आणि रुंद, म्हणजे हवा दाबली जाते पण पूर्वीइतकी तापत नाही. ती हे सगळं त्याला बोटानं दाखवत होती, आणि तो मान हलवत होता, आणि त्याचं लक्ष तिच्या नखाखालच्या काळ्याकडं होतं. आपलंच काळं, त्याला वाटलं, बरं उतरलंय. मग इंजिन सुरू झालं. आधी डिझेलवर. कडकड कडकड, तेच ते, लोखंडी ताटात फुटाणे पडावेत तसं. त्याचे पाय आपोआप त्या ठेक्यावर येऊन उभे राहिले. मग शांभवीनं संगणकावर काही तरी केलं, स्पिरिट आत यायला लागलं, डिझेल कमी कमी होत गेलं, उष्ट्या धुराचा नळ उघडला. आणि आवाज बदलला. कडकड विरत गेली. घरात रोज मोठ्यानं बोलणारं माणूस एकाएकी कुजबुजायला लागावं तसं झालं. टुक, टुक, टुक. फ्लायव्हील फिरतंय, पट्टा फिरतोय, वजन ओढलं जातंय, आणि आत काही घडतंय असं वाटेचना. महालिंग सायलेन्सरच्या तोंडाशी गेला. खिशातलं फडकं काढलं. शांतादेवीनं जुन्या लुगड्याचं धुऊन दिलेलं, निळीतनं काढलेलं. धरलं. वाट बघितली. मळीसारखा एक गोडसर, जरा आंबूस वास नाकात आला. फडकं हाताला गरम लागत होतं, पण पूर्वी जसं चटका देऊन बाजूला व्हायला लावायचं तसं नाही. मग त्यानं ते डोळ्यांपुढं आणलं.

फडकं पांढरं होतं.

त्यानं ते उलटून बघितलं. उजेडाकडं धरून बघितलं. मागं शांभवी काही तरी म्हणत होती, तिच्या आवाजात हसू होतं, तिच्या बरोबरीची स्नेहल टाळी वाजवत होती, आणि महालिंगला काही ऐकू येत नव्हतं. वर्षानुवर्षं ज्या भाषेत इंजिनं त्याच्याशी बोलली त्या भाषेतला एक शब्दही त्या कापडावर नव्हता. शेतातनं घरी यावं आणि ओळखीच्या घरात सगळी दारं उघडी, भांडी जागच्या जागी, आणि माणूस मात्र एक नाही, असं काही तरी. भीती म्हणावी तर भीती नव्हती. आपण मेल्यावर जग कसं दिसेल ते चुकून जरा आधीच दिसलं, आणि ते स्वच्छ होतं, एवढंच. उसावर धूर नाही, नदीवर धूर नाही, एसटीत शेजारच्या पावण्याला दाखवायला काही नाही. आणि मग त्याच्या हातानं, त्याला न विचारता, जे आयुष्यभर केलं तेच केलं. हात पंपाकडं गेला. रॅक सापडायला बघावं लागलं नाही. त्यानं तो ओढला, जरा; अजून जरा. इंजिन खाकरलं. कडकड परत आली, आणि सायलेन्सरमधनं एक करडा, मऊ, घरचा धूर निघाला, आणि त्यानं फडकं पुढं धरलं आणि त्यावर पहाटेच्या धुक्याची ती झाक उमटली. महालिंगनं सुस्कारा सोडला. इतकं बरं त्याला किती तरी दिवसांत वाटलं नव्हतं. मग स्नेहलची टाळी थांबल्याचं त्याच्या लक्षात आलं. संगणकावरच्या रेघा वरखाली उसळत होत्या. सकाळपासून जे बसवत आणलं होतं ते सगळं गेलं होतं. शांभवी त्याच्याकडं बघत होती, रागानं नव्हे. तिनं पुढं येऊन रॅक हळूच मागं ढकलला, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसा, आणि म्हणाली, "असू दे आज्जा. परत स्थिरावेपर्यंत थांबू." आणि ते थांबले. बाहेर कट्ट्यावर बसून दोघांनी भेळ खाल्ली. आवाज परत कुजबुजीवर आला तेव्हा ती त्याला आत घेऊन गेली आणि तिनं स्वतःच्या ओढणीचं टोक सायलेन्सरपुढं धरलं. पांढरं. ह्या खेपेला महालिंगनं ते बघितलं, आणि त्याला वाटलं तेवढं वाईट वाटलं नाही. पोरीची ओढणी काळी झाली नाही, हे त्याला बरंच वाटलं. एवढं बरं की, घरी येताना त्यानं दोनदा स्कूटर थांबवायला लावून तिला उसाचा रस पाजला, आणि तिनं का म्हणून विचारलं तर उकाडा म्हणाला.

"धूर न्हाय," त्यानं अण्णाप्पाला सांगितलं.

"कमी हाय म्हण."

"न्हाय. सायलेन्सरला फडकं धरलं, पांढरं. उलटं करून बगितलं, पांढरं. वास येतोय जरा. समदं पुरतं जळत न्हाय, ते अजून सुटायचंय. पण काळं न्हाय. एक ठिपका न्हाय."

अण्णाप्पाच्या ओठांच्या कडा खाली आल्या. तो गोष्ट ऐकायचा चेहरा गेला होता आणि त्याच्या जागी दुसरा एक आला होता, जो महालिंगनं पूर्वी टेस्टिंग शेडच्या दारात बघितला होता. बापाबरोबर गडहिंग्लजहून आलेला पोरसवदा अण्णाप्पा, आपलं इंजिन पहिल्यांदा सुरू होताना बघणारा.

"इचारतो पोरीला," तो म्हणाला. "पोरी, भोक पाडून झाल्यावर माजं हेड परत मिळंल का?"

शांभवीनं आजोबाकडं बघितलं. महालिंगनं डोळ्यांनी सांगितलं, हो म्हण. "मिळेल," शांभवी म्हणाली, "पण भोक राहील, आजोबा. त्याला बूच मारून देईन. तुमचं इंजिन चालेल त्याच्यावर, पण पूर्वीचं हेड म्हणाल तर ते नाही राहणार."

महालिंगनं डोळे मिटून घेतले. संपलं, त्याला वाटलं. म्हणून सांगत होतो बोलू नकोस. त्रिशलानं कप गोळा करायला सुरुवात केली होती आणि मध्येच थांबली होती. अण्णाप्पा उठला. गुडघ्यावर हात ठेवून, पाइपांच्या भेंडोळ्यांना धरत धरत तो इंजिनापाशी गेला, आणि त्यानं वाळलेल्या झेंडूची माळ हेडवरून काढली, पण ती टाकली नाही. हातातच धरून उभा राहिला. माळेतली दोन-चार फुलं चुरून चौथऱ्यावर पडली.

"म्हालिंगा," तो पाठमोराच म्हणाला. "ते फडकं पांढरं निघालं तवा तू काय केलंस?"

आता खरंखुरं सांगायचं, महालिंगच्या मनात आलं, एवढं सांगितलं तर हे पण. पण शांभवी समोर होती, त्रिशला समोर होती, आणि अण्णाप्पा इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं मनापासून ऐकत होता. अशा वेळी नातीच्या कामात आपण हात घालून घाण केली हे कसं सांगायचं? शिवाय जीभ एवढा वेळ सरळ चालून चालून दमली होती. तिला जरा सावलीत बसायचं होतं.

"काय करणार," तो म्हणाला. "हात बांधून हुबा ऱ्हायलो. गप. देवळात हुबा ऱ्हातो तसा. म्हणलं, पोरीनं केलं. बगत ऱ्हायलो नुसता."

शांभवीनं पोत्याचा दोरा बोटावरून सोडला आणि जमिनीकडं बघितलं. तिच्या गालावर हसू दाबल्याची खळी पडली होती. महालिंगनं ती बघितली आणि छताकडं नजर वळवली. अण्णाप्पा वळला. त्यानं चष्मा परत कपाळावर चढवला, आणि बराच वेळ आपल्या ह्या मित्राकडं, त्याच्या मांडीवर पालथ्या ठेवलेल्या हातांकडं, बघत राहिला. मग त्यानं हातातली माळ सुनेकडं दिली.

"अभिनंदनला म्हणावं मोठा पाना घेऊन ये," तो त्रिशलाला म्हणाला, आणि मग महालिंगला, "दारू पितंय म्हणालास, पटलं. उष्टं खातंय म्हणालास, ते बी पटलं. थंड जळतंय, बरं, जळू दे. पोरगी खरं बोलली, तिला हेड देतोय. पण इंजिन धूर सोडंना आणि तू हात बांधून गप हुबा ऱ्हायलास व्हय? तू? समद्या गोष्टीत एवढीच थाप मारलीस बग. रॅक ओढला असशील लेका तू."